वरचं काम

माळावरच्या हँगरमध्ये वाऱ्याची झुळूकही नव्हती, तरी रणधीररावांच्या विमानाचा पंखा सकाळपासून तिसऱ्यांदा आपोआप अर्धा फिरला. पाठोपाठ बंद इंजिनाच्या पोटातून ठक् असा आवाज आला, आतून कुणी दार वाजवावं तसा. वामन मिस्त्रीनं हातातला पाना खाली ठेवला.

"साहेब, अख्खं इंजिन उघडावं लागेल. दोन महिने लागतील."

"वामन्या, फक्त वरचं काम कर!" साखर कारखान्याचे चेअरमन रणधीरराव गरजले. "सिलिंडर तेवढे बदल आणि सही ठोक. रविवारी लेकीच्या लग्नात वरून फुलं उधळायचीत. मला वर जायचंय, बस्स!"

"करतो की सही," म्हणत वामननं विमानाच्या वहीत दोन ओळी लिहिल्या. "तुमचेच शब्द आहेत. एकदा मोठ्यानं वाचा."

रणधीररावांनी वही ओढली आणि खड्या आवाजात वाचलं, "वरचं काम झालं. रविवारी, लेकीच्या लग्नात, रणधीरराव वर गेले."

इंजिनातून पुन्हा ठक् झालं. होकार दिल्यासारखं.

चेअरमनसाहेबांनी वही हळूच मिटली.

"वामनराव," ते म्हणाले, "अख्खं उघडा. फुलं आम्ही खालूनच उधळू."