शेठचं स्विस घड्याळ

दामूशेठच्या शिलाई कारखान्यात पाचची सुट्टी त्यांच्या मनगटावरच्या घड्याळाप्रमाणे व्हायची. "स्वित्झर्लंडचं आहे! दीडशे वर्षांची कंपनी. सेल नाही, चावी नाही, हात हलला की चालतं," असं ते येताजाता ऐकवायचे.

त्या दिवशी ऊन उतरलं तरी घड्याळात चारच! पाळणाघर बंद व्हायची वेळ झाली, मशीनवर बसलेल्या वैजयंताचा जीव टांगणीला लागला.

"शेठ, पोरगी रडत असेल. जाऊ का?"

"म्हणजे माझं घड्याळ खोटं?"

"छे हो! खरंच बोलतंय ते. आमचे हात सकाळपासून चाललेत. तुमचाच दोन दिवस हलला नाही, मग ते बिचारं कसं चालेल?"

सगळ्याजणी खुदकन हसल्या. शेठनी मनगट झटकलं, तसा काटा पळू लागला. मग तेही हसले.

"पळ बाई! उद्या भिंतीवर घड्याळ लावतो."