दोन पावसाळ्यांचा शंख

त्या खाडीत पाणी दिवसातून दोनदा यायचं आणि दोनदा जायचं. पाणी असेतो राज्य माशांचं, पाणी ओसरलं की पक्ष्यांचं. अधल्यामधल्या खळग्यांत पाणी साचून सात डबकी झाली होती आणि त्यांत गोगलगाई राहायच्या. राज्य कुणाचंही असो, खाल्ल्या जायच्या त्याच.

डबक्यांचा कारभार पाहायला खाडीच्या मधोमध एक मोठा खडक होता. प्रत्येक डबक्यानं आपला एक प्रतिनिधी निवडून तिथं पाठवायचा आणि सातजणांनी मिळून सात डबक्यांचं भलं करायचं, असा शिरस्ता. भलं म्हणजे मुख्यतः कुंपण. प्रत्येक डबक्याच्या उथळ तोंडाशी खारफुटीच्या काड्यांचं विणलेलं कुंपण असे. ते धड असलं की ओहोटीत कुठल्याही पक्ष्याला आत पाय टाकता येत नसे. ते राखायचं, मोडलं तर विणून घ्यायचं, एवढंच खडकाचं काम. उरलेल्या वेळात भाषणं.

पूर्वी तिसऱ्या डबक्यातून आबासाहेब नावाचं एक कालव निवडून गेलं होतं. कालवच ते! एकदा दगडाला चिकटलं ते चिकटलं. चाळीस वर्षं खडकावरून हललं नाही. कुणी उठा म्हटलं तर म्हणायचं, "मी कुठे बसलोय? जनतेनं मला बसवलंय." शेवटी वारलं, पण शिंपला तिथंच राहिला, आणि त्याची धार अजून येणाऱ्याजाणाऱ्याच्या पोटाला लागते. तेव्हा कुठे गोगलगाईंचे डोळे उघडले आणि त्यांनी कायदा केला, की एका शंखानं दोन पावसाळ्यांहून जास्त काळ खडकावर बसू नये.

कायद्यात 'शंखानं' असं लिहिलं, कारण दुसरं काही लिहायचं कुणाला सुचलंच नाही. गोगलगाईचा शंख तिच्या अंगातून येतो, तिच्याबरोबर वाढतो. शंख एकीचा आणि आत भलतंच कुणी, ही गोष्ट त्या भाबड्या मंडळींच्या डोक्यात यावी तरी कशी?

त्याच बैठकीत दुसराही कायदा झाला. निवडणुकीत पक्ष्यांचा हात असतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून ठरलं, की कोणत्याही पक्ष्यानं कोणत्याही उमेदवाराला खाण्याजोगी वस्तू देऊ नये. बगळ्यांनीसुद्धा काठावरून माना डोलावल्या. न खाण्याजोग्या वस्तूंचं काय, हे विचारायचं राहून गेलं.

तिसऱ्या डबक्यात वाकडोजी आला तो एका साध्या तपकिरी शंखात. वाकडोजी खेकडा, डाव्या नांगीचं टोक तुटलेला. पण मागचं अंग मऊ आणि उघडं असलेला, रिकामा शंख दिसला की त्यात शिरून संसार थाटणारा. गोगलगाईंना तो आपल्यातलाच वाटला. पाय जरा जास्त आहेत, असेनात का! शिवाय तो भराभर चालायचा. एका भरतीत सगळ्या डबक्याच्या घरोघरी जाऊन "काकू, कशा आहात?" म्हणून यायचा. गोगलगाईला शेजारणीकडे जायलाच अर्धा दिवस लागतो, तेव्हा या धावपळीचं त्यांना भारी कौतुक. वाकडोजी निवडून आला.

निवडून येताना त्यानं कुंपण दुरुस्त करायचा शब्द दिला होता. डबक्याच्या कुंपणाला तेव्हा दोन काड्यांएवढं खिंडार होतं. पहिल्या पावसाळ्यात वाकडोजीनं खिंडाराची पाहणी केली. दुसऱ्या पावसाळ्यात पाहणीची पाहणी केली. तोवर खिंडार सहा काड्यांचं झालं आणि त्यातून मथूबाईची दोन पोरं गेली.

मथूबाई म्हणजे त्या डबक्यातली थोराड अंगाची, फटकळ तोंडाची गोगलगाय. तिच्याजवळ आता एकच लेक उरली होती, शेवंती. शेवंती लहान असताना वरून दगड घरंगळला आणि तिच्या शंखाची कड फुटली. आईनं महिनाभर शेवाळ चारून, जपून जपून ती भरून आणली. तिथं कायमची एक पांढरी खाच राहिली. कुंपण नीट व्हावं आणि ही एक तरी आपल्या डोळ्यांसमोर राहावी, याखेरीज मथूबाईला आयुष्यात दुसरं काही नको होतं.

दोन पावसाळे संपले तेव्हा वाकडोजीच्या निरोपाचा समारंभ झाला. तपकिरी शंखाला शेवाळाची माळ घातली. वाकडोजी गहिवरून म्हणाला, "कायदा म्हणजे कायदा. हा शंख आता पुन्हा खडकावर दिसायचा नाही." आणि भर सभेत तो शंखातून बाहेर यायला लागला.

गोगलगाईंमध्ये फार जुनी रीत आहे. कुणी शंखाबाहेर उघडं दिसलं, तर बघायचं नाही. आत सरकून झाकण लावून घ्यायचं. बघणाऱ्याचीच लाज जाते म्हणतात. "अगंबाई!" म्हणत साऱ्या सभेनं पटापट झाकणं लावली. उघडून पाहतात तो तपकिरी शंख दगडावर रिकामा पडलेला, आणि शेजारी लांबच्या समुद्रातल्या एका पट्टेरी, चकचकीत शंखात कुणी पाहुणे उभे.

"नमस्कार," पाहुणे म्हणाले. "मी नवा उमेदवार."

काठावर एका पायावर उभा असलेला शुभ्रकांत बगळा मोठ्यांदा वाहवा म्हणाला. पट्टेरी शंख त्याचीच भेट होती. त्याच्याकडे रिकामे शंख पुष्कळ साठलेले असत. आतलं कुठे जायचं, ते विचारू नका.

निवडणुकीचं काम बघायला निवटा होता. पाण्यातही राहणारा, चिखलावरही उड्या मारणारा तो मासा. दोन्हीकडचा म्हणून निःपक्षपाती. त्याचे डोळे डोक्यावर, त्यामुळे त्याला वरचं सगळं नीट दिसायचं.

"अहो निवटेसाहेब," मथूबाई म्हणाली, "डावी नांगी बघा की! तेच तुटकं टोक. तोच आहे हा मेला!"

"कायद्यात नांगीचा उल्लेख नाही बाई," निवटा म्हणाला. "शंख नवा आहे का?"

"शंख नवा आहे, पण..."

"मग झालं तर."

मतदानाची पद्धत सोपी. प्रत्येक उमेदवाराला एक सपाट दगड नेमून दिलेला. पाणी उतरायला लागलं की ज्याच्या त्याच्या पसंतीच्या दगडापर्यंत सरपटत जायचं. ऊन पडलं की मागे राहिलेल्या चिकट रेघा चमकतात, त्या निवटा मोजतो. पट्टेरी शंखाकडे रेघाच रेघा झाल्या. नवा चेहरा हवाच होता लोकांना.

बाकीच्या सहा डबक्यांतूनही नवे चेहरे आले आणि सगळे आडवेच चालत आले. खडकावर पहिलाच ठराव झाला, की यापुढे आडवं चालण्यालाच पुढे जाणं म्हणावं. कुंपणाचा विषय वेळेअभावी राहिला. खिंडार एव्हाना असं झालं होतं, की ओहोटीत शुभ्रकांत त्यात आरामात उभा राही. "कुंपण नाही म्हणून काय झालं?" तो म्हणायचा. "मी आहे ना पहाऱ्याला."

मथूबाई मात्र गप्प बसणारी नव्हती. दोन पावसाळे ती घरोघर सरपटत हिंडली. एकेका घराला अर्धा अर्धा दिवस लागला, पण हिंडली. तिचं म्हणणं लोकांना पटलं: हे पट्टेरी शंख बाहेरचे, यांना आपल्या डबक्याचं सोयरसुतक नाही. कायदाच करा, की उमेदवाराचा शंख त्याच डबक्यात वाढलेला असला पाहिजे. मग बघू हा वाकडोजी कुठून शंख आणतो ते! बगळ्याच्या साठ्यातले सगळे शंख परदेशी; इथल्यांना तो शंखासकट गिळायचा. मथूबाईनं ते नीट पाहून ठेवलं होतं. तिचा हिशेब पक्का होता.

ही मागणी खडकावर गेली आणि आश्चर्य म्हणजे एका बैठकीत मंजूर झाली. कुणी विरोध केला नाही. वाकडोजीनं तर मथूबाईचं नाव घेऊन अभिनंदनाचं भाषण केलं. डबक्यात आनंदीआनंद. मथूबाईला पहिल्यांदाच कुणीतरी आपलं ऐकल्यासारखं वाटलं आणि तिला रडू आलं.

त्या दिवसापासून शुभ्रकांत खिंडारात उभा राहून पाण्यात निरखून बघायला लागला. पूर्वी तो चोचीला येईल ते गिळायचा. आता मान तिरकी करून मापं घेतल्यासारखं बघायचा. लोक म्हणाले, बगळा सुधारला.

निवडणूक लागली आणि मथूबाईनं स्वतःच अर्ज भरला. माळ नाही, भाषण नाही, शंख जन्मापासूनचा. शेवंती आईसाठी दारोदार फिरायची. मतदानाच्या आदल्या दुपारी ती म्हणाली, "आई, कुंपणाजवळची घरं तेवढी राहिलीत. जाऊन येते."

"आत्ता ओहोटी आहे गं. भरतीला जा."

"भरतीला वेळ कुठे राहतोय? आणि त्यांनाच तर आधी सांगायला हवं. पोरं त्यांची जातात."

बोलणं आईचंच होतं, त्यामुळे आईला अडवता आलं नाही. शेवंती गेली. भरती आली, घरं पाण्याखाली गेली, शेजारपाजारच्या साऱ्या परतल्या. शेवंती आली नाही. मथूबाई कुंपणापर्यंत जायला निघाली, पण वाटेतल्या मतदानाच्या दगडांपर्यंत पोचेतो पाणी पुन्हा उतरायला लागलं होतं आणि मतदानाची सकाळ झाली होती. ती आपल्या दगडावर येऊन बसली. लेक तिथंच येईल, अशी एक वेडी आशा तिला होती.

समोरच्या दगडावर वाकडोजीच्या पट्टेरी शंखाचा निरोपसमारंभ चालला होता. माळ घालून झाली. गहिवर झाला. वाकडोजी बाहेर यायला लागला आणि रीतीप्रमाणे पटापट झाकणं लागली. मथूबाईनंही लावलं. एवढं सगळं माहीत असूनही लावलं. अंगवळणी पडलेलं, काय करणार!

झाकण उघडलं तेव्हा समोर एक हिरवट, थोराड शंख उभा होता. त्याच्या कडेला पांढरी खाच होती.

"नमस्कार," शंख म्हणाला. "मी तुमच्यातलाच."

निवटा पुढे आला. "शंख याच डबक्यातला असायला हवा, असा नवा कायदा आहे," तो म्हणाला. "ओळख पटवायला साक्षीदार लागेल. कुणी ओळखतं का या शंखाला?"

सगळ्यांनी ओळखला होता. पण आवाज आला तो मथूबाईचा, अगदी बारीक.

"मी ओळखते. माझ्या शेवंतीचा आहे."

"म्हणजे इथंच वाढलेला?"

"मी वाढवलाय," मथूबाई म्हणाली, आणि मग तिचा बांध फुटला. "अरे, लेक आहे रे माझी ती! आत बघा कुणीतरी! एकदा तरी आत बघा!"

"आत बघणं तुमच्याच रीतीत बसत नाही बाई," निवटा नरमाईनं म्हणाला. वाईट त्यालाही वाटलं असावं. मग त्यानं चिखलावर नोंद केली: उमेदवार स्थानिक, विरोधी उमेदवाराने स्वतः ओळख पटवली, हरकत नाही. "पाणी उतरतंय. मतदान सुरू करा."

मथूबाई आपल्या दगडावरून खाली उतरली. दोन दगडांमध्ये फार अंतर नव्हतं, पण गोगलगाईला ते पुष्कळ होतं. ती वाळूवरून, खड्यांवरून, आबासाहेबांच्या खानदानातल्या कालवांच्या धारेवरून सरळ समोर सरपटत गेली. कुणाकडे बघितलं नाही. पलीकडच्या दगडावर चढली आणि त्या पांढऱ्या खाचेवर तिनं तोंड टेकवलं.

"मावशी," आतून वाकडोजी म्हणाला, "तुमचा आशीर्वाद असू द्या."

बाकीच्या गोगलगाईंनी ते पाहिलं. मथूबाईनं माघार घेतली, अशी कुजबुज झाली. तिचीच पसंती तिकडे, तर आपण कोण? एकेक करून त्या निघाल्या आणि तिच्या मागोमाग सरपटत गेल्या. शुभ्रकांत खिंडारात एका पायावर उभा राहून प्रत्येकीचा शंख लांबून न्याहाळत होता.

मग ऊन पडलं आणि रेघा चमकायला लागल्या. निवटा मोजायला आला. पहिली रेघ त्याला सहज सापडली. ती विरोधी उमेदवाराच्याच दगडापासून निघाली होती, नाकासमोर सरळ गेली होती, आणि बाकीच्या सगळ्या सुकल्या तरी तिचं शेवटचं टोक अजून ओलं होतं, कारण तिथून कुणी अजून उठलं नव्हतं. निवट्यानं तिच्यावर पर ठेवला आणि मोजलं, "एक."