गोजराबाईला कोण आणणार?

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षं ते मला विचारू नका, माझ्या आजोबांनाही ते सांगता यायचं नाही. आमचं हे बोरवट गाव तेव्हाही नदीकाठी होतं आणि नदी तेव्हाही अशीच द्वाड होती. गावात गोजराबाई नावाची कासारीण राहायची. घरोघरी जाऊन बायकांना बांगड्या भरायची. त्यामुळे कोण अंथरुणाला खिळलंय, कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, सगळं तिला ठाऊक. तोंडाची मात्र फटकळ. पाटलालासुद्धा सोडायची नाही, असं म्हणतात.

एका वर्षी पूर आला आणि तिचा नवरा गेला. म्हणजे तो वाचला होता हो! टेकडीवर पोचला होता. पण बांगड्यांची पेटी आणायला परत खाली उतरला. ती "नका जाऊ, नका जाऊ" म्हणत राहिली. बायकोचं कुणी ऐकतं का?

तिचे डोळे सुकले तशी ती चावडीवर गेली. पंच बसले होते. ती म्हणाली, "पुढच्या पुरात आपलं माणूस आपण आणायचं नाही. दुसऱ्याच्या घरचं आणायचं. एकही जीव मागं राहता कामा नये."

आबाजी पाटील म्हणाले, "अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? सख्खी आई सोडून दुसऱ्याची म्हातारी पाठीवर घ्यायची?"

"सख्खी आई भांडत बसेल, पाटील. माझं जातं घे, माझी शेळी घे, नाहीतर मी येत नाही जा! परक्याचा लेक दारात उभा राहिला, तर लाजेनं तरी उठेल."

मग शिवाशिवीचं निघालं. कुणी कुणाला उचलायचं, कुणी नाही, यावरून पंचांचाच वाद जुंपला. तेव्हा ती कडाडली, "पूर काय सोवळं बघून घरात शिरतो?" एकदाची ही बया शांत व्हावी म्हणून पंचांनी होकार दिला, असं म्हणतात.

भर उन्हाळ्यात, नदीचं पात्र कोरडं ठणठणीत असताना, गोजराबाईनं तालीम म्हणून घाटावर बसून पितळी थाळी बडवली आणि गाव टेकडीकडे निघालं. काय तो घोळ! शिदू कोष्ट्याला तिनं भागाआजी नेमून दिली होती, त्यानं उचलली आजीची विहीण. ती वाटभर त्याच्या पाठीत बुक्के घालत होती, "अरे मेल्या, मी पाहुणी आहे!" पोरांची अदलाबदल झाली. एकाच शेळीला दोघं दोन बाजूंनी ओढत होते. कोण कुणाला आणतंय हेच कुणाला कळेना. गाव पोट धरधरून हसलं. गोजराबाई हसली नाही. दर उन्हाळ्याला तिनं गावाला हे करायला लावलं, शिव्या देऊन करायला लावलं.

आणि मग तो दिवस आला. गावात लख्ख ऊन होतं. पाऊस पडला होता वर, डोंगरात. भर दुपारी घाटावरून थाळी वाजायला लागली आणि लोक चक्रावले. "यंदाचं तर झालं की!" "हिला झालंय काय?" कुणी हसत निघालं, कुणी पिठाच्या हातांनी निघालं. पण सवय झाली होती, म्हणून निघाले. शिदूनं या खेपेला बरोबर भागाआजी उचलली. ती परक्यासमोर कशी नाही म्हणणार? मुकाट्यानं पाठीवर बसली. टेकडीकडे जाणाऱ्या बोळात पाणी शिरलं तेव्हा कुठं सगळ्यांना कळलं की हे खरं आहे. पण जोवर कुणीतरी कुणालातरी घेऊन चाललं होतं, तोवर ते पाणी कमरेच्या वर चढलंच नाही, असं म्हणतात. मी त्या बोळात उभा राहून पाहिलंय. कमरेएवढं पाणी तिथं माणूस उभं ठेवत नाही. पण तेव्हा ठेवलं.

टेकडीवर नुसता कल्ला. जो तो आपलं माणूस दुसऱ्याच्या पाठीवर शोधत होता. हे पोर कुणाचं, माझी आई कुठंय, अरे ती बघ तिकडं! रडणं, ओरडणं, मिठ्या. हळूहळू प्रत्येकाचं प्रत्येक माणूस सापडलं. म्हातारीकोतारी, बाळंतिणी, सगळे वर. पाटलांचे डोळे भरून आले. "गोजरे, जिंकलीस गं," म्हणत ते वळले.

गोजराबाई नव्हती. खाली थाळी अजून वाजत होती.

"तिला आणायला कोण होतं?" पाटलांनी विचारलं. प्रत्येकानं आपल्याला नेमलेलं माणूस दाखवलं. तिनं अख्ख्या गावाला माणूस नेमला होता आणि स्वतःला कुणीच नाही. विसरली म्हणावं, की मुद्दाम नेमला नाही म्हणावं? यावरून आमच्यात अजून भांडणं होतात. मला विचाराल तर मला काही कळत नाही. सगळे एकदम खाली धावले, बोळाच्या तोंडाशी एकमेकांत अडकले, आणि थाळी थांबली.

पाणी ओसरेपर्यंत ती थाळी घाटावर तरंगत होती, असं म्हणतात. पितळ कधी तरंगतं का? पण तरंगत होती. बाई काही सापडली नाही.

आता ग्रामपंचायत आहे, भोंगा आहे, शिट्ट्या घेतलेली माणसं तालुक्याहून सराव घ्यायला येतात. तरी दर उन्हाळ्याला बोरवट टेकडी चढतं, दुसऱ्याचं माणूस पाठीवर घेऊन. मात्र भोंगा वाजवायच्या आधी सरपंच गावाला विचारतो, "गोजराबाईला कोण आणणार?" उत्तर आल्याशिवाय कुणी पाऊल उचलत नाही. तालुक्याची माणसं गोंधळून यादीत हे नाव शोधतात. यंदा माझे गुडघे गेले म्हणून मला नेमलेल्या पोरीनं पाठुंगळी घेतलं होतं. सरपंचानं विचारलं, आणि सगळ्या गावाबरोबर मीही तिच्या पाठीवरून ओरडलो, "मी!"