पाल या शब्दाचा निवाडा

त्रेतायुगाच्या आरंभी, दंडकारण्याच्या उत्तरेस असुरांनी उच्छाद मांडला होता आणि दक्षिणेस मेघ रुसले होते, त्या काळी गोदातीरावर ऋतंभर नावाचे महर्षी राहत असत. शब्दशास्त्रातील त्यांचा अधिकार असा, की संशय पडल्यास देवही त्यांच्याकडे येत. "शब्द एक, अर्थ एक, बाकी सारा अपभ्रंश," असे ते शिष्यांना सांगत.

एके प्रभाती पूंकोडी नावाची एक दाक्षिणात्य स्त्री दुष्काळातून चालत येऊन आश्रमद्वारी कोसळली. तिच्या स्तनांतील दूध आटले होते. कुशीतले निस्तेज मूल पुढे करून ती आक्रोश करू लागली, "पाल! पाल!"

देवभाषेत पाल म्हणजे रक्षणकर्ता. महर्षी उठले. "भिऊ नकोस, माते! असुर तुझ्या मागे लागले आहेत ना? या बालकाचा पाल मी आहे!" असे म्हणून त्यांनी मंत्रबळाने तिच्याभोवती धगधगते अग्निवलय उभे केले, जे देवांनाही ओलांडता येऊ नये.

आतून तिचा टाहो चालूच राहिला. ऋषिपत्नी शीलवती कळवळून म्हणाली, "नाथ, हिची दृष्टी अरण्याकडे वळत नाही. ही आपल्या गोशाळेकडे पाहते आहे."

"दृष्टी फसवते, कल्याणी, शब्द फसवीत नाही," महर्षी म्हणाले.

सूर्य मध्यावर आला आणि मुलाचे रडणे थांबले. तेव्हा शीलवती दुधाचे पात्र घेऊन तशीच त्या ज्वाळांत शिरली. पतिव्रतेला पाहून अग्नी विझला. पण मूल गार पडले होते. पूंकोडीने दुधात बोट बुडवले, ते त्या मिटल्या ओठांना लावले आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "पाल."

महर्षींना अर्थ कळला. स्वतःस शाप देण्यासाठी त्यांनी ओंजळीत जल घेतले, तोच वाग्देवी प्रकट झाली. ऋतंभर तिच्या चरणांवर कोसळले. "माते, माझे तप घे, पण एवढे दे! आजपासून पृथ्वीवर या शब्दाला एकच अर्थ राहो. पुन्हा कोणाचे लेकरू असे जाऊ नये."

देवी पूंकोडीकडे वळली. तिच्या कृपेने त्या स्त्रीला ऋषींचे मागणे कळले आणि तिचे बोलणे सर्वांना उमगू लागले. पूंकोडी म्हणाली, "माझ्या बाळाला बोलता येत होता तो हा एकच शब्द. तोही नेणार का? माझा शब्द चुकला नव्हता, ऋषी. तुम्ही माझ्याकडे पाहिले नाही."

महर्षींनी मान खाली घातली.

मग देवी म्हणाली, "शब्द ज्याच्या त्याच्या मुखी नांदू दे. सह्याद्रीचे मेंढपाळ आपल्या राहुटीला पाल म्हणतील, कोणी भिंतीवरल्या जीवाला म्हणतील. कोणाचेही बोलणे अपभ्रंश ठरणार नाही. आणि ऋतंभरा, जो दाराशी आलेल्याचे मुख न पाहता केवळ शब्द ऐकेल, त्याची विद्या निष्फळ होईल."

शीलवतीने त्या बालकाला स्नान घालून आईच्या हाती दिले. गोदेच्या वाळूत खळगा महर्षींनी स्वतःच्या हातांनी खणला.

तेव्हापासून त्या आश्रमात पाहुण्याला नाव-गोत्र विचारण्याआधी हात धरून गोशाळा, पाणवठा आणि पाकशाळा दाखवीत. जिथे त्याचे पाऊल थबके, ते त्याला देत. आणि पाल हा शब्द आजही कुठे दूध आहे, कुठे निवारा, कुठे रक्षक.