दाट दूध

"आणि ते पोर रडतंय, ते तुम्हाला ऐकू येत नाही का, बाई?"

अलीशिबाबाईंनी शेवटचा चमचा पोराच्या ओठांत सोडला आणि रिकामी वाटी खाली ठेवली.

"येतं."

"मग द्या ना अजून. उपाशी आहे तो."

"उपाशी आहे, म्हणूनच नाही."

सुवार्ता उजागरेनं रिकामी वाटी उचलली. पण तिला ते पटलं नव्हतं.

सुवार्ता नगरची. मिशनच्या इस्पितळात नर्सिंग शिकली, परीक्षेत पहिली आली. दक्षिण सुदानात दुष्काळानं आणि लढाईनं पोरं मरतायत, हे ऐकून ती आपणहून सेवेला निघाली होती. निघताना चर्चमध्ये तिचा सत्कार झाला. पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. बायका रडल्या. विमानात बसेपर्यंत तिच्या कानात त्यांची गीतं होती.

इथं आली तर एक पत्र्याचं छप्पर, खाली ओळीनं चटया, प्रत्येक चटईवर एक आई आणि हाडं झालेलं एक पोर. सकाळी एखादी चटई रिकामी दिसे. दुपारपर्यंत तिच्यावर दुसरी आई येऊन बसे.

हे सगळं चालवायच्या त्या अलीशिबाबाई. मूळच्या जालन्याच्या. तरुणपणी इथं नर्स म्हणून आल्या आणि केस इथंच पांढरे झाले. कमी बोलायच्या. प्रार्थनासुद्धा कमीच करायच्या, असं सुवार्तेला वाटे.

रडणाऱ्या पोराचं नाव लुआल. दोन वर्षांचा होता, पण सहा महिन्यांचा दिसे. त्याची आई अदुत त्याला घेऊन कुठून कुठून चालत आली होती. पाठीला अजून एक होती, अबुक, लुआलच्या पाठची. तिचीही तीच गत. नवरा लढाईत गेलेला. दोन्ही पोरांना दर दोन तासांनी पातळ दूध मिळे. मोजून. चमच्यानं.

"उपास घडला की पोराचं काळीजही वाळतं," बाई एकदा म्हणाल्या होत्या. "हातपाय वाळलेले दिसतात. काळीज दिसत नाही. त्याच्यावर एकदम ओझं टाकलं की ते बसतं. आधी पातळ... मग दाट."

"मलाही शिकवलंय ते. पण पुस्तक रडत नाही, बाई."

"रडतंय तोवर बरं असतं," बाई म्हणाल्या आणि पुढच्या चटईकडं गेल्या.

सुवार्तेला वाटलं, माणूस इतकी वर्षं इथं राहिलं की दगड होतं. आपण व्हायचं नाही.

रविवार आला. उपासना बाहेर बाभळीखाली व्हायची. बाई गेल्या, आयाकाम करणारी तिथलीच रिबका गेली, पोरांच्या चालू शकणाऱ्या आया गेल्या. सुवार्ता आत राहिली. कुणीतरी राहायलाच हवं होतं.

लुआल रडायला लागला. आवाजही उरला नव्हता त्याला, नुसतं तोंड उघडं. अदुत त्याला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं सुवार्तेकडं पाहिलं. काही मागितलं नाही. नुसतं पाहिलं.

बऱ्या झालेल्या मुलांसाठी दाट दूध वेगळं ठेवलेलं असे, साखर-तेल घालून कालवलेलं. सुवार्तेनं त्यातलं पेलाभर आणलं.

लुआलनं पेला दोन्ही हातांनी धरला. घटाघटा प्यायला. तिनं आणखी दिलं. तेही प्यायला. अदुत हसली. तिला हसताना सुवार्ता पहिल्यांदाच पाहत होती.

बाहेर गीत चाललं होतं. सुवार्तेच्या डोळ्यांत पाणी आलं. आज आपण खरी सेवा केली, असं तिला वाटलं. दुपारी सगळे जेवत असताना तिनं त्याला आणखी एक पेला दिला. अबुक झोपली होती, म्हणून तिला द्यायचं राहिलं.

उन्हं कलली तेव्हा लुआलचा श्वास चढला. बरगड्या भात्यासारख्या हलू लागल्या. पावलं सुजली.

बाई धावत आल्या. वाकून पाहिलं. त्याच्या ओठांचा वास घेतला. मान वर करून सुवार्तेकडं एकदाच पाहिलं.

"त्याला टेकवून बसव. दूध बंद."

सुई दिली. छाती ऐकली. पुन्हा ऐकली. बाईंचे हात थांबले नाहीत.

अंधार पडायच्या आत लुआल गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला पुरलं. जमीन कडक होती, खड्डा उथळच झाला. वर काटे टाकले.

परत आल्यावर अदुतनं सुवार्तेचे दोन्ही हात धरले आणि आपल्या कपाळाला लावले. काहीतरी बोलली. रिबकानं ते आपल्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं.

"ती म्हणते, माझी आधीची दोन पोरं उपाशी गेली. हा पोट भरून गेला. तुझ्या हातानं गेला. देव तुझं भलं करो."

सुवार्तेला हात सोडवून घ्यायचे होते. ते सुटेनात.

दुपारी ती बाईंकडं गेली. बाई चिंध्या उकळत होत्या.

"तुम्हाला कळलं होतं."

"हो."

"मग मला बोलत का नाही? हाकलून का नाही देत?"

"हाकलून दिलं तर चमचा कोण धरील?"

"मी अदुतला खरं सांगते. माझ्यानं हे घेऊन राहवणार नाही."

"तुझ्यानं राहवत नाही, म्हणून सांगणार?"

सुवार्ता खाली बसली.

"तिच्याजवळ एवढंच उरलंय," बाई म्हणाल्या. "पोर पोटभर जेवून गेलं, एवढंच. तुझी छाती हलकी करायला तेवढंही काढून घे तिच्याकडून... मग तुला झोप येईल."

सुवार्ता चटयांकडं परत गेली. न सांगणं हीच आपली शिक्षा, असं तिनं मनाशी ठरवलं.

संध्याकाळी अदुत अबुकला घेऊन तिच्यासमोर येऊन उभी राहिली. पातळ दुधाची वाटी तिनं हातानं बाजूला सारली. दाट दुधाच्या भांड्याकडं बोट दाखवलं. मग पोरीच्या तोंडाकडं. मग सुवार्तेकडं.

"भावाला दिलंस तसं हिलाही दे म्हणते," रिबका म्हणाली. "नाहीतर मी स्वतः देईन म्हणते. तिकडच्या आया दाट दूध अर्धं टाकून देतात, तिनं पाहिलंय."

सुवार्तेनं दाट दुधाचं भांडं आपल्याकडं ओढलं. तिनं बाईंकडं पाहिलं.

बाई तिथंच होत्या. त्यांना ती भाषा इथल्या माणसांसारखी येत होती. त्या खाली बसल्या, मांडीवर हात ठेवले... आणि गप्प राहिल्या.

"रिबका, तू सांग तिला. दाट दुधानं लुआल मेला. मी दिलं म्हणून मेला. सांग."

रिबकानं मान हलवली.

"हे माझ्या तोंडातून यायचं नाही. तू सांग."

"मला कुठं येते भाषा!"

"जेवढी येते तेवढी."

सुवार्तेला थोडेच शब्द येत होते. चटयांवरून फिरताना कानावर पडलेले.

ती अदुतसमोर गुडघ्यांवर बसली. स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

"मी," ती म्हणाली. दाट दुधाच्या भांड्यावर हात ठेवला. "दूध... लुआल... मेला."

अदुत पाहत राहिली.

सुवार्तेनं अबुकच्या छातीला बोट लावलं, मग भांड्याला, आणि जोरजोरानं मान हलवली. "दूध. अबुक... मेली. मी. लुआल. मी."

अदुतनं रिबकाला एकच शब्द विचारला. रिबकानं खाली पाहून होकार दिला.

अदुत ओरडली नाही. तिनं अबुकला उचललं, सर्वांत लांबच्या चटईवर जाऊन बसली आणि पाठ फिरवली. बऱ्याच वेळानं तिथून एक आवाज आला. तो माणसाचा होता, हे सुवार्तेला आधी कळलंच नाही.

त्या दिवसापासून अदुतनं सुवार्तेला पोरीला हात लावू दिला नाही. सुवार्ता वाटी घेऊन गेली की ती पदर ओढून पोरीला झाके. मग बाई जायच्या. बाईंच्या हातून मात्र पातळ दूध ती घेई. दर दोन तासांनी. मोजून. पोर कितीही रडली तरी एक चमचा जास्त मागत नसे. शेजारच्या आईनं आपलं उरलेलं दाट दूध पुढं केलं, तर तिनं तिचा हात झिडकारला.

सुवार्ता परत जायचं म्हणाली. बाई हो म्हणाल्या नाहीत, नको म्हणाल्या नाहीत. विमान महिन्यातून एकदा यायचं. ते आलं आणि गेलं. सुवार्ता चटयांमध्ये वाकून एका नव्या पोराला चमच्यानं दूध पाजत होती.

पावसाळा सरत आला. अबुकच्या गालांवर मांस आलं. एक दिवस ती आईच्या खांद्याला धरून उभी राहिली.

अदुत निघाली त्या सकाळी बाईंनी तिला वाटेसाठी पीठ बांधून दिलं. तिनं बाईंचे हात कपाळाला लावले. सुवार्ता दारात उभी होती. अदुत तिच्यासमोर आली, क्षणभर थांबली आणि तिच्या पायांपाशी थुंकली. मग पोरीला पाठीशी घट्ट बांधून वाटेला लागली.

अबुक आईच्या खांद्यावरून मागं बघत होती.

दोघी दिसेनाशा होईपर्यंत सुवार्ता तिथंच उभी राहिली. बाई शेजारी येऊन थांबल्या.

"तिनं मला माफ केलं नाही, बाई."

बाई वाटेकडं बघत राहिल्या...

"तिनं तुझ्या शब्दावर विश्वास ठेवला."