आरोग्यशाळेचे अडसर

एका राज्यात एक आरोग्यशाळा होती आणि तिला एकच दार होते. ज्या जादूगाराने ते घडवले तो केव्हाच मरून गेला होता. दाराची अट मात्र जिवंत होती. अट अशी, की राजसभा जोवर रीतीने वाद करील तोवर दार उघडेल, आणि जो येईल त्याला आत घेईल.

रीत सोपी होती. सभेत पूर्वेच्या आसनांवर एक पक्ष बसे, पश्चिमेच्या आसनांवर दुसरा. ज्याला विरोध करायचा असेल त्याने प्रथम समोरच्याचे म्हणणे स्वतःच्या तोंडाने मांडायचे, आणि तेही असे, की समोरच्याने उठून 'हेच माझे म्हणणे' असे सांगावे. त्यानंतरच आपले उत्तर द्यायचे. याला पूर्वपक्ष म्हणत. सभागृहाच्या मध्यावर दगडी खांब होता, त्यावर त्याच जादूगाराची मैना बसे. पूर्वपक्षात एक शब्द वाकडा पडला तरी ती 'पुन्हा' म्हणे. वाद लांबत, सभासद जांभया देत; परंतु दार उघडे राही.

मग राज्यात रक्तज्वर आला. हा ताप सातव्या दिवशी निकाल देई: रोगी उठे, किंवा उठत नसे.

प्रधान भद्रायू पूर्वेकडे बसत. त्यांनी प्रस्ताव मांडला, की प्रत्येक प्रांतात राजाने आरोग्यशाळा बांधावी, सर्व वैद्य राजसेवेत घ्यावेत आणि औषध सर्वांना विनामोल द्यावे. अमात्य कर्णदेव पश्चिमेकडे बसत. त्यांनी आपला वेगळा प्रस्ताव मांडला, की वैद्य राजाचा चाकर नसावा. ज्याने त्याने आपला वैद्य निवडावा. विरोधाची पहिली पाळी प्रधानांची होती, म्हणून आता त्यांनी अमात्यांचा पूर्वपक्ष मांडायचा होता. ते उठले, आणि उभेच राहिले.

"माणसे मरताहेत," ते अखेर म्हणाले, "आणि मी याची वाक्ये पाठ म्हणत बसू? हा प्रेतांवर जगणारे गिधाड आहे!"

"आणि हे फुकट्यांचे सरदार!" अमात्य ओरडले.

मैना 'पुन्हा' म्हणाली. कोणी ऐकले नाही. ती खांबावरून उडाली आणि आरोग्यशाळेच्या दारावर जाऊन बसली. त्याच क्षणी दार मिटले आणि त्यावर दोन लोखंडी अडसर आडवे आले. दुसऱ्या दिवशी सभेत नऊ अपशब्द उच्चारले गेले. दारावर नऊ अडसर वाढले. लोहारांनी घण घातले, तेव्हा घणाचे पाणी होऊन ते हातांतून गळून गेले. पंधरवड्यात दाराचे लाकूड दिसेनासे झाले. सभेत वाद चालूच होता. दार कोणामुळे बंद झाले, हा आता वादाचा विषय होता, आणि त्या वादाचा प्रत्येक शब्द दारावर येऊन बसत होता.

या दाराची एक द्वारपालिका होती. तिचे नाव सुवेला. रोज सकाळी दार उघडून सभेत जायचे आणि दाराची खबर द्यायची, हे तिचे काम. खबर चालू असता सभेत दुसरा विषय निघत नसे. 'खबर संपली' असे तिने म्हटले, की मगच सभा सुरू होई. आता ती रोज सांगे, दार बंद आहे, पायऱ्यांवर इतके रोगी आहेत, खबर संपली. आणि सभा सुरू होई.

पायऱ्यांवरील रोग्यांत तिची धाकटी बहीण होती. कुंदिनी कासारीण होती. अर्ध्या नगरीच्या हातांत तिने बांगड्या भरल्या होत्या, आणि जिभेने तिने कोणालाच सोडले नव्हते. तिच्या तापाचा चौथा दिवस उजाडला, तेव्हा सुवेलेने दारावरील मैनेसमोर हात जोडले.

"हे अडसर कशाने निघतील?"

"तीन कामांनी," मैना म्हणाली. "अमात्यांचे म्हणणे अमात्यांना सांग आणि त्यांच्याकडून 'हेच' म्हणवून घे. प्रधानांचे म्हणणे प्रधानांना सांग आणि तसेच कर. तिसरे काम, ते एकमेकांचे म्हणणे सभेत मांडतील असे कर."

"एकेका कामाला एकेक दिवस धरला, तर सातव्या दिवसाच्या आत होईल."

"होईल," मैना म्हणाली, "जर एकही दिवस वाया गेला नाही."

सुवेला अमात्यांच्या घरी गेली. अमात्यांनी तिला बसायला पाट दिला. ती बसली नाही.

"स्वामींचे म्हणणे असे," ती म्हणाली, "की ज्याच्यापाशी वैद्याला देण्यासारखे काही नाही, त्याने निमूटपणे पायरीवर मरावे, म्हणजे इतरांची झोप मोडणार नाही."

अमात्यांनी रिकाम्या पाटाकडे पाहिले.

"बाई, हे माझे म्हणणे नव्हे. हे माझ्याविषयी तुझे म्हणणे आहे."

दुरून लोखंडावर लोखंड आदळल्याचा आवाज आला. तो आवाज सुवेलेला चांगला ओळखीचा होता.

ती परतली तेव्हा कुंदिनी कोपरावर रेलून दाराकडे पाहत होती. तिचे ओठ फुटले होते.

"ताई, आज आणि उद्या सभेला सुट्टी. तरी एक अडसर वाढला. कोणाची एवढी कृपा झाली?"

सुवेला तिच्याशेजारी पायरीवर बसली.

"तू काय म्हणालीस त्याला?"

"खरे तेच म्हणाले."

"खऱ्याचा एवढा मोठा आवाज होतो? मी दचकून जागी झाले." कुंदिनी हसू लागली, आणि हसण्याचा खोकला झाला. तो थांबल्यावर तिने बहिणीचा हात हाती घेतला आणि सवयीने बोटांच्या सांध्यांवर अंगठा फिरवला. "बघ, कसा ताठ धरला आहेस. असल्या हातात बांगडी घातली तर फुटते आणि रक्त काढते. मी काय करते? काहीतरी विचारते. सासर कुठले, म्हैस दूध किती देते. बाई सांगू लागते, आणि मी थांबते. हात आपोआप सैल पडतो. मग बांगडी कधी गेली ते तिलाही कळत नाही."

"त्या माणसाला मी म्हशीचे विचारू?"

"काहीही विचार. फक्त उत्तर आधीच घेऊन जाऊ नकोस."

पाचव्या दिवशी सुवेला पाटावर बसली.

"स्वामी, तुमचे म्हणणे मला ठाऊक नाही. मला वाटले होते, की ठाऊक आहे."

मग ती थांबली. दिवसाचा पहिला प्रहर असाच गेला. कुंदिनीचा एकेक श्वास जणू तिला तेथे ऐकू येत होता, तरी ती थांबली. दुसऱ्या प्रहरी अमात्य बोलू लागले. आजच्या राजाच्या आजोबांनी एकदा कुंभारआळीवर रुसून तेथे औषध पोचवू नये अशी आज्ञा केली होती. राजवैद्यांनी आज्ञा पाळली. कर्णदेवांची आई त्या आळीत तापाने पडली होती. एक म्हातारा झाडपाल्याचा वैद्य होता, तो कोणाचाच चाकर नव्हता, तो आला.

"जो हात सर्वांना देतो तो हात एके दिवशी मूठ आवळतो," अमात्य म्हणाले. "त्या दिवशी रोग्याने जायचे कोठे?"

सुवेलेने हे सारे त्यांना परत सांगितले. आईचे सांगताना तिने आवाज हलका केला नाही आणि चढवलाही नाही.

"हेच माझे म्हणणे," अमात्य म्हणाले. मग त्यांनी विचारले, "तुझी बहीण कशी आहे?"

"पाचवा दिवस," सुवेला म्हणाली.

सहाव्या दिवशी ती प्रधानांकडे गेली. हे काम सोपे जाईल असे तिला वाटले होते, कारण प्रधानांचे म्हणणे तेच तिचे होते. त्यांच्या दयाळूपणाविषयी ती उत्तम बोलली. प्रधानांनी मान हलवली.

"हे माझे स्तोत्र झाले. म्हणणे नव्हे."

तेव्हा ती पुन्हा बसली आणि तिने विचारले. प्रधानांनी सांगितले, की तरुणपणी त्यांनी आजारी वडिलांना खाटेवर घालून सात वैद्यांच्या ओट्यांपर्यंत वाहून नेले. प्रत्येक वैद्याने नाडी पाहण्याआधी त्यांच्या अंगावरचे कपडे पाहिले. आठव्या ओट्यापर्यंत वडील पोचले नाहीत.

सुवेलेने ते परत सांगितले.

"अर्धेच झाले," प्रधान म्हणाले. "मी त्या दिवशी पूर्वपक्ष का मांडला नाही, ते राहिले."

"का मांडला नाही?"

प्रधान खाली पाहत म्हणाले, "तोंडाने म्हटले असते, तर त्यातले थोडे खरे वाटले असते. मला तेवढी सवड नव्हती."

सुवेलेने तेही सांगितले, आणि प्रधानांनी 'हेच माझे म्हणणे' म्हटले.

ती पायऱ्यांवर आली तेव्हा कुंदिनीला बोलणे जड जात होते.

"झाले?"

"दोन झाली. उद्या तिसरे."

"एक दिवस उशीर केलास हं, ताई," कुंदिनी म्हणाली. ती हसण्याचा प्रयत्न करीत होती. "चौथ्या दिवशी म्हशीचे विचारले असतेस तर..." पुढचे तिने गिळले. सुवेलेने तिचा हात धरला. तो पूर्णपणे सैल होता.

सातव्या दिवशी सूर्य उगवला आणि तापाने निकाल दिला.

सुवेलेने बहिणीचे डोळे मिटले, तिच्या मनगटावरील बांगड्या उतरवल्या आणि ती नेहमीच्या वेळी सभेत गेली. सभासद तिच्याआधीच एकमेकांवर ओरडत होते. तिला पाहून ते रीतीप्रमाणे गप्प झाले. ही एक रीत तेवढी कोणी मोडली नव्हती, कारण ती मोडावी इतके महत्त्व तिला कोणी दिले नव्हते.

"दाराची खबर?" राजाने विचारले.

"दार बंद आहे, महाराज. पायऱ्यांवर काल एकशे बारा रोगी होते, आज एकशे अकरा आहेत. कमी झालेलीचे नाव कुंदिनी. ती माझी बहीण."

प्रधान ताडकन उठले. "पाहा, पाहा! अमात्यांच्या तत्त्वांचा हा बळी!"

दुरून लोखंडाचा आवाज आला.

"प्रधानजी, बसा," सुवेला म्हणाली. "माझी बहीण तुमच्या बाजूने मेलेली नाही. ती कोणाच्याच बाजूने मेलेली नाही. ती ज्या दिवसाच्या अभावी मेली, तो दिवस मी घालवला. मी अमात्यांविषयी एक वाक्य बोलले. ते मला फार आवडले होते."

सुवेलेच्या जिभेवर त्या वेळी एक शब्द होता. तो साऱ्या सभेला पुरला असता, पूर्वेला आणि पश्चिमेलाही. तिने तो तेथेच ठेवला.

राजाने वाट पाहिली. "खबर संपली?"

"नाही, महाराज. प्रधानांनी अमात्यांचे म्हणणे मांडलेले नाही आणि अमात्यांनी प्रधानांचे. ते झाल्यावाचून ही खबर संपत नाही."

"ही अडवणूक आहे," पश्चिमेकडून कोणी पुटपुटले.

"होय," सुवेला म्हणाली, आणि उभी राहिली.

एक प्रहर ती उभी होती. रीत अशी होती, की खबर संपेपर्यंत राजालाही उठता येत नसे. दुसऱ्या प्रहरी प्रधानांनी घसा साफ केला.

"अमात्यांचे म्हणणे असे, की वैद्यांचे खिसे..." ते थांबले. सुवेला त्यांच्याकडे पाहत होती, रागाने नव्हे. उघडायच्या बेतात असलेल्या दाराकडे द्वारपालिका पाहते तशी.

"विचारा त्यांना," ती म्हणाली. "आणि थांबा."

प्रधान पश्चिमेकडे वळले. "अमात्य, तुम्हांला कशाची भीती वाटते?"

अमात्यांनी कुंभारआळीची गोष्ट सांगितली. भर सभेत ती त्यांनी कधी सांगितली नव्हती. प्रधानांनी ती स्वतःच्या तोंडाने पुन्हा मांडली, दोनदा चुकले, तिसऱ्यांदा चुकले नाहीत. अमात्य उठले. "हेच माझे म्हणणे." मग अमात्यांनी विचारले, आणि सात ओट्यांचे ऐकून तेही बोलले. आठवा ओटाही त्यांनी वगळला नाही. प्रधान उठून उभे राहिले आणि 'हेच माझे म्हणणे' म्हणाले.

त्याच क्षणी मैना खिडकीतून आत आली आणि खांबावर बसली. बाहेर अडसर पडू लागले. तो आवाज संध्याकाळपर्यंत चालला, इतके ते होते.

"खबर संपली," सुवेला म्हणाली.

वाद त्यानंतर अकरा दिवस चालला. शेवटी ठरले, की प्रत्येक प्रांतात राजाने आरोग्यशाळा बांधावी आणि औषध सर्वांना द्यावे, परंतु कोणतीही शाळा राजाच्या आज्ञेने बंद होऊ नये, आणि जो वैद्य राजसेवेत येऊ इच्छित नाही त्याला कोणी ओढून आणू नये. हा निर्णय पूर्वेला अपुरा वाटला आणि पश्चिमेला अवाजवी. दोन्ही बाजूंनी तसे सांगितले, आणि सांगण्यापूर्वी पूर्वपक्ष मांडला. एकशे अकरांपैकी चौऱ्याऐंशी रोगी पायऱ्या उतरून घरी गेले.

पडलेले अडसर लोहारांनी नेले. प्रत्येकावर तो ज्या शब्दाने आला तो शब्द कोरलेला होता. लोहारांनी तो न वाचता लोखंड वितळवले. एकच अडसर सुवेलेने त्यांना दिला नाही. त्यावर शब्द नव्हता, पुरे एक वाक्य होते, आणि ते सुबक होते.

आरोग्यशाळेचे दार जड आहे, वारा आला की आपसूक मिटू पाहते. रोज सकाळी सुवेला ते उघडते, तो अडसर त्याच्या फटीत आडवा सारते आणि सभेत जाऊन सांगते, की दार उघडे आहे.