सुतारपक्ष्याचा चुकलेला ठेका

झाडांना अजून नावंही नव्हती, तेव्हाची गोष्ट. नदीकाठच्या एका झाडाखाली पक्ष्यांचं संगीत विद्यापीठ होतं. त्या वर्षी पदवीच्या वर्गात एकच जागा उरली होती. ती हवी असेल, तर विद्यापीठाचे गुरू सारसबुवा यांच्यासमोर गाऊन दाखवायचं. तबल्याच्या साथीला म्हातारा सुतारपक्षी.

आधी दयाळ गायला. काय तो गळा! पानंसुद्धा हलायची थांबली. पण मध्येच सुतारपक्ष्याचा ठेका चुकला. दयाळ गाणं तोडून ओरडला, "बुवा, यांनी माझं गाणं बिघडवलं!"

मग टिटवी बसली. आवाज पातळ, जरा चिरकाच. फांद्यांवर खसखस पिकली. तिने डोळे मिटून सूर लावला आणि हळूहळू सगळे गप्प झाले. गाणं ऐन रंगात आलं, तोच ठेका पुन्हा चुकला. टिटवीने सुतारपक्ष्याकडे हसून पाहिलं, आपला सूर थोडा लांबवला आणि त्याला सावरायला जागा दिली. समेवर दोघं अगदी बरोबर भेटली. फांद्यांवर कुणाला काही कळलंसुद्धा नाही.

"जागा टिटवीची," सारसबुवा म्हणाले.

"तिच्या गळ्यात आहे काय?" दयाळ उसळला.

"गळा आम्ही घडवू. ती सांभाळून घेते, ते कुठून शिकवू? म्हणून तर ठेका दोन्ही वेळा मुद्दाम चुकवायला मीच सांगितलं होतं."

सुतारपक्षी खाली मान घालून पुटपुटला, "बुवा, दयाळाच्या वेळी मुद्दाम चुकवला. टिटवीच्या वेळी मात्र खरंच चुकला. ऐकतच राहिलो होतो."